पॅगोडा मोटारीच्या टपाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें देऊळ, घाट किंवा धर्मशाळा उभी राहते. ढासळलेलें शिखर पुन्हां उभारावें, फुटलेल्या पायऱ्या नव्यानें बसवाव्या आणि मूळ बांधणाराच्या पुण्यांत आपणहि वांटेकरी व्हावें, अशी ही जुनी कल्पना आहे. मोटारगाडी ही त्या मानानें कालची वस्तु. परंतु तिचेहि कांहीं नमुने आतां इतिहासजमा झाले असून, ते राखणाऱ्या कारागिरांपुढें देवळांच्या उद्धारकांस पडणारेच प्रश्न उभे राहतात. जुनें किती राखावें? नवें किती घालावें? आणि उद्धार पुरा झाल्यावर ती वस्तु मूळचीच राहिली असें म्हणतां येईल काय? या प्रश्नांचा विचार एका लहानशा उदाहरणावरून करतां येण्यासारखा आहे. तें उदाहरण म्हणजे मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या १९६३ सालच्या क्रीडामोटारीचा काढता-घालता टणक टप. मोटारींच्या जगांत त्यास हार्डटॉप म्हणतात.

पहिल्या मोटारी घोडागाडीच्या वळणावर बांधलेल्या असत. बग्गीला जसा घडी होणारा टप, तसाच मोटारीलाहि कापडी टप बसवीत. पाऊस आला कीं तो उभारावा, ऊन पडलें कीं मागें दुमडून ठेवावा. युरोप-अमेरिकेंतील कडक हिवाळ्यास हा आडोसा पुरेना. तेव्हां लाकडी सांगाड्याचे व कांचेच्या तावदानांचे टप थंडीपुरते गाडीवर चढविण्याची आणि वसंतऋतु आला कीं उतरवून ठेवण्याची पद्धति निघाली. पुढें १९२० नंतरच्या दशकांत कायमच्या छताच्या मोटारी स्वस्त झाल्या व सामान्य कुटुंबांनीं त्याच पसंत केल्या. उघडी मोटार मागें पडली आणि मुख्यतः हौशी लोकांच्या दोन आसनी, वेगवान गाड्यांत टिकून राहिली. माणूस हौशी झाला तरी पावसांत भिजतोच व थंडीनें कांकडतोच. म्हणून काढत्या टपाची गरजहि तेथेंच टिकून राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या टपाचा उत्कर्षकाळ आला. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें १९५५ सालच्या थंडरबर्ड गाडीबरोबर फायबरग्लासचा काढता टप दिला. त्यांतून चालकास बाजूचें नीट दिसेना, म्हणून पुढच्याच वर्षीं त्याच्या दोन्ही अंगांना जहाजावर असतात तशीं वाटोळीं तावदानें मिळूं लागलीं. जर्मनींत मर्सिडीज-बेंझच्या १९० एसएल व ३०० एसएल या गाड्यांसहि त्याच दशकांत टणक टप मिळत. या सर्व टपांचा आकार कमानदार असे. छप्पर मध्यें उंच व कडांना उतरतें असावें, ही समजूत घराच्या कौलापासून मोटारीच्या टपापर्यंत सर्वत्र एकच होती.

मार्च १९६३ मध्यें जिनीव्हाच्या मोटार-प्रदर्शनांत ही समजूत उलटी झालेली लोकांनीं पाहिली. तेथें मांडलेल्या २३० एसएल या नव्या गाडीचा टणक टप मध्यें खोल व दोन्ही कडांना उंच होता. गाडीच्या रूपाची रेखाटणी पॉल ब्राक या फ्रेंच रचनाकाराची. टपाच्या उलट्या बाकामागील विचार बेला बारेन्यी या अभियंत्याचा. १९०७ सालीं व्हिएन्नाजवळ जन्मलेल्या बारेन्यीनें अपघातांत माणसाचा जीव कसा वांचेल या एकाच प्रश्नास आयुष्य वाहिलें होतें. माणसें बसतात तो मधला भाग कणखर ठेवावा आणि पुढचा व मागचा भाग आघात सोसून चेपणारा करावा, हें तत्त्व त्यानें मांडलें. आणि या तत्त्वावर बांधलेली पहिली क्रीडामोटार म्हणून २३० एसएलचें नांव घेतलें जातें.

टपाच्या बाकाचें मर्म समजण्यास साधा कागद पुरे. सपाट कागद एका टोकानें धरला तर दुसरें टोक खालीं लवतें; त्यास पन्हळीसारखा किंचित् बाक दिला कीं तोच कागद ताठ उभा राहतो. पातळ पत्र्याचेंहि असेंच आहे. खोलगट आकारामुळें छतास वजन न वाढवितां बळकटी आली. कडा उंच राहिल्यामुळें दारांच्या कांचाहि उंच करतां आल्या. आंत शिरणें सोपें झालें आणि चालकास चोहींकडचें स्वच्छ दिसूं लागलें. डोळ्यांस जी केवळ लकब वाटे ती वस्तुतः हिशेबानें काढलेली रेषा होती. हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे, कारण पुढें जीर्णोद्धारांत हीच रेषा सर्वांत आधीं बिघडते.

छताच्या या वळणावरून गाडीस पॅगोडा हें टोपणनांव पडलें. पूर्व आशियांतील मंदिरांच्या वर वळलेल्या छपरांची लोकांस आठवण झाली. मौजेची गोष्ट अशी कीं, हा शब्द युरोपांत पसरला तो पोर्तुगीजांच्या मार्फत, आणि गोमंतकांतील पोर्तुगीज लोक तो हिंदूंच्या देवळांना व मूर्तींनाहि लावीत. दक्षिणेंतील होन या सोन्याच्या नाण्यासहि युरोपीय व्यापारी पॅगोडाच म्हणत. देवळाचें हें नांव फिरतफिरत एका जर्मन मोटारीच्या टपावर जाऊन बसलें. १९७१ पर्यंत या गाडीचीं २३० एसएल, २५० एसएल व २८० एसएल अशीं तीन रूपें निघालीं आणि तिन्ही मिळून ४८,९१२ गाड्या तयार झाल्या.

गिऱ्हाइकास टपाची निवड करतां येई. कोणी कापडी टप घेई, कोणी टणक, कोणी दोन्ही. १९६७ सालीं निघालेल्या एका प्रकारांत तर कापडी टपाची जागा मागील लहान आसनास दिली होती. त्या गाडीस टणक टप हेंच एकमेव छप्पर. दारांचे पत्रे आणि पुढचें-मागचें झांकण हलक्या ॲल्युमिनियमचें असलें तरी टप मात्र पोलादाचा असे, आणि तो सांभाळून उचलण्यास दोन माणसें लागत. त्या काळीं गाडीचे सांधे बऱ्याच अंशीं हातानें जुळवीत, त्यामुळें एकीचें माप दुसरीशीं अगदीं तंतोतंत जुळत नसे. म्हणून टप ज्या गाडीचा तिच्यावरच चढवून नीट बसवीत, आणि गाडीच्या सांगाड्याचा क्रमांक टपाच्या चौकटीवरहि ठोकीत. गाडी आणि टप हीं एका नांवानें ओळखलीं जाणारीं दोन भावंडें होत.

परंतु जी वस्तु काढतां येते ती दुरावतेहि. उन्हाळा आला कीं टप उतरवून गाडीखान्याच्या भिंतीशीं उभा करावा, हा सामान्य परिपाठ. कांहीं वर्षांनीं गाडी विकली जाई आणि टप तेथेंच राही. नवा मालक पुढें कधीं दुसऱ्याच गाडीचा टप मिळवून आपल्या गाडीवर बसवी. अर्धशतक लोटल्यावर कित्येक गाड्यांवर परक्या क्रमांकाचे टप आढळतात, आणि कित्येक टपांना गाडीच उरलेली नसते. वापरानें गाडी झिजते. टप बहुधा अडगळींत पडून कुजतो. भिंतीशीं उभा ठेवल्यानें खालच्या कडेस पोंचे येतात, वर टाकलेल्या आच्छादनाखालीं ओल कोंडते आणि रबर वाळून चिरतें. त्या चिरांतून उतरलेलें पाणी दोन पत्र्यांच्या सांध्यांत शिरतें. तेथून त्यास वाट नसते. बाहेरून रंगाचा एक फोड दिसतो, पण आंतून बोटभर पत्रा चाळणीसारखा झालेला निघतो.

असा टप हातीं आल्यावर जाणता कारागीर हातोडीपूर्वीं वही उचलतो. कांहींएक न सोडतां टप प्रथम गाडीवर ठेवून पाहावयाचा. पुढची कड समोरच्या कांचेच्या चौकटीवर सारखी टेकते काय, दाराची कांच वर चढविली असतां तिच्यांत व टपाच्या कडेंत सर्वत्र सारखी फट राहते काय, खटके ओढाताण न करतां लागतात काय, हें मोजून लिहून ठेवावयाचें आणि छायाचित्रें घ्यावयाचीं. मग आंतील अस्तर, मागची कांच, तिच्याभोंवतालचें रबर, चकचकीत पट्ट्या व खटके क्रमानें काढून प्रत्येकास चिठ्ठी बांधावयाची. पट्ट्या काढण्याचें काम फारच जपून करावें लागतें; त्यांस एकदां मुरड पडली कीं ती पुरती जात नाहीं. या पट्ट्यांच्या खालीं पुष्कळदां कारखान्यांतील मूळ रंगाचा थर शाबूत सांपडतो. मालकांमागून मालकांनीं वर कसलेहि रंग चढविले असोत, खरा रंग कोणता याची साक्ष हा अरुंद थर देतो.

रंग उतरवितांना वाळूचा जोराचा फवारा मारणें सोयीचें वाटतें. पण टपाच्या मधल्या विस्तीर्ण भागास तें घातक होतें. पातळ पत्रा ताणतो, लाटा घेतो आणि बारेन्यीनें हिशेबानें दिलेला बाक बिघडतो. म्हणून तेथें रंग विरघळविणारा लेप लावून किंवा हातानें घासूनच काम करावें लागतें. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो व त्या काळीं सांधेहि शिशाच्या मिश्रणानें भरीत. त्यामुळें नाकातोंडास संरक्षण न घेतां ही धूळ उडविणें म्हणजे आजाराला आमंत्रण देणें होय. कुजलेला भाग कापावा लागलाच तर तो कमींत कमी कापावा. नवा तुकडा त्याच जाडीच्या पोलादाचा, त्याच वळणाचा घडवून, निरनिराळ्या जागीं लहान लहान टांके देत जोडावा. एका दमांत लांब डाग दिला तर उष्णतेनें पत्रा ओढला जातो. जोडकाम चाललें असतां टप वरचेवर गाडीवर चढवून पाहणें अवश्य असतें, कारण मेजावर सरळ दिसणारा टप गाडीवर तिरका बसूं शकतो. रबराचेंहि असेंच. वर्षानुवर्षें दबलेल्या जुन्या रबरापेक्षां नवें रबर फुगीर असतें. रंग देण्यापूर्वीं तें लावून पाहिलें नाहीं, तर सुरेख रंगकाम झाल्यावर दारच नीट लागत नाहीं, असा प्रसंग येतो.

जुन्या गाड्यांच्या मालकांस सुटे भाग व माहिती मिळावी म्हणून कंपनीनेंच १९९३ सालीं जर्मनींतील फेलबाख येथें एक स्वतंत्र केंद्र उघडलें. त्यामुळें सामानाची अडचण पुष्कळ कमी झाली. पण अधिक बिकट प्रश्न सामानाचा नाहीं, क्रमांकाचा आहे. गाडीचा व टपाचा क्रमांक जुळला तर संग्राहक अधिक मोल देतात. मग परक्या टपावरील अंक घासून तेथें आपल्या गाडीचा अंक ठोकण्याचा मोह होतो. पत्रा तोच, रंग तोच, टपहि नीट बसलेला. पाहणारास कांहींच कळत नाहीं. तरीहि हें कृत्य जुन्या दानपत्रावरील नांव खोडून तेथें स्वतःचें नांव लिहिण्याच्या जातीचें आहे. त्यानें एका गाडीस खोटा इतिहास मिळतो, आणि दुसऱ्या एखाद्या गाडीचा टप जगांत कोठें तरी आहे ही खरी गोष्ट कायमची पुसली जाते. अंक ठोकलेली पट्टीच गंजली असेल तर तेवढा तुकडा राखून त्याच्या भोंवतीं नवें पोलाद जोडावें, हा मार्ग कष्टाचा खरा, पण सचोटीचा आहे. टप परका असेल तर त्याचा अंक तसाच ठेवून ती गोष्ट वहींत नोंदवावी, यांतहि कमीपणा नाहीं.

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठीं १९६४ सालीं व्हेनिस येथें कांहीं तत्त्वें मांडण्यांत आलीं. त्यांच्याच आधारें जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं तुरिन-सनद या नांवाची सनद स्वीकारली. जतन व पुनरुद्धार यांतील भेद ओळखावा, हस्तक्षेप कमींत कमी करावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे. भारतांतहि २०२१ सालीं मोटार-वाहन नियमांत सुधारणा होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीची वेगळी व्यवस्था झाली. गाडी मूळ रूपांत असावी आणि तिच्या सांगाड्यांत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यांतील अट आहे. कायद्यानेंहि अशा रीतीनें जुन्या यंत्राच्या मूळपणास किंमत दिली.

आपल्याकडे देवळांच्या जीर्णोद्धारांत जुने दगड बाजूस सारून सर्वत्र चकचकीत फरशी बसविण्याची हौस पुष्कळ ठिकाणीं दिसते. कोरीव अक्षरें चुन्याखालीं जातात, आणि देऊळ कोणीं, केव्हां बांधलें हें सांगणारा पुरावा उद्धारकाच्या उत्साहांतच नाहींसा होतो. पॅगोडा मोटारीचा टप ही देवळाच्या मानानें अगदींच क्षुल्लक वस्तु आहे. परंतु तिच्यावर काम करणारा प्रामाणिक कारागीर जो नियम पाळतो, तो दोहोंसहि सारखाच लागू आहे. जेथें बळकटी गेली असेल तेथें नवें निःशंकपणें घालावें. पण जेथें अक्षर, अंक किंवा मूळ रंगाची रेघ उरली असेल, तेथें हात आवरावा. पुढच्या पिढीस टप तर मिळेलच. तो कोणत्या गाडीचा, हेंहि तिला त्याच पत्र्यावर वाचतां आलें पाहिजे.