एक पौंड धान्य आणि एक आणा

जानेवारी १८७७. दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करणारा दरबार नुकताच पार पडला होता. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल हा अधिकारी दुष्काळाने होरपळलेल्या मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या पाहणीला निघाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनची अपेक्षा स्पष्ट होती: माणसे जगवावीत, पण खर्च आवरावा आणि धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाची रोजची मजुरी ठरली ती अशी: एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्याची किंमत आणि वर एक आणा. बाईला त्याहून कमी. इतिहासात ही मजुरी ‘टेंपल वेज’ म्हणून ओळखली जाते.

टेंपलला निर्दय ठरवून विषय संपवता आला असता, तर हा धागा लिहिण्याचे कारणच उरले नसते. तीनच वर्षांपूर्वी, १८७४मध्ये, याच माणसाने बिहारमध्ये दुष्काळ पडला असता ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांहून अधिक तांदूळ सरकारी खर्चाने आणवला होता. तेथे भूकबळी जवळजवळ झालेच नाहीत. मग तीन वर्षांत असे काय बदलले?

त्यासाठी अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये जावे लागते. ‘लेसे-फेअर’, म्हणजे ‘करू द्या’, हा शब्दप्रयोग गूर्ने या फ्रेंच अधिकाऱ्यामुळे आणि त्याच्याभोवतीच्या अर्थचिंतकांमुळे रूढ झाला. त्या काळी फ्रान्समध्ये धान्य कोठे विकावे, किती साठवावे, कोणत्या प्रांतातून कोणत्या प्रांतात न्यावे, यावर सरकारी निर्बंधांचे जाळे होते. मंत्री झालेल्या तुर्गोने १७७४मध्ये राज्यांतर्गत धान्यव्यापार मोकळा केला. दुर्दैवाने त्या वर्षी पीक कमी आले, पावाचे भाव चढले आणि १७७५च्या वसंतात पॅरिसच्या परिसरात दंगली उसळल्या. या विचाराची पहिली मोठी परीक्षा भाकरीवरच झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढच्याच वर्षी ॲडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ आला. त्यातील धान्यव्यापारावरचे प्रकरण हिंदुस्थानच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. टंचाईत भाव चढतात हे वाईट दिसते, पण चढलेला भाव लोकांना वेळीच काटकसर करायला लावतो आणि दूरचे धान्य ओढून आणतो. सरकारने भाव दाबले तर व्यापारी माल आणणार नाही आणि टंचाईचा दुष्काळ होईल, असा त्याचा युक्तिवाद. गंमत अशी की १७७०च्या बंगालच्या दुष्काळाचा उल्लेख करताना त्याने ठपका ठेवला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांवर: त्यांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या चुकीच्या बंधनांमुळे टंचाईचा दुष्काळ झाला असावा, असे त्याचे मत होते. म्हणजे मुळात हा विचार सत्तेच्या अरेरावीला आवर घालणारा होता. पुढे सत्तेनेच तो ढालीसारखा वापरला.

ही शिकवण हिंदुस्थानात पोचली ती हेलिबरीमार्गे. कंपनीचे भावी अधिकारी तेथील कॉलेजात शिकत आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता लोकसंख्येच्या सिद्धान्ताचा कर्ता माल्थस. तो १८३४ साली वारला, पण त्याची छाप टिकली. आयर्लंडच्या दुष्काळात मदतीवर लंडनहून लगाम ठेवणारा चार्ल्स ट्रेव्हेल्यन हेलिबरीचाच. टेंपलही हेलिबरीचाच.

१८६६मध्ये या शिकवणीची किंमत ओरिसाने मोजली. आदल्या वर्षीचा पाऊस गेला होता. तांदूळ मागवण्याची विनंती झाली, तेव्हा वरून नकार आला. गरज असेल तर व्यापारी आणतीलच, हा त्यामागचा भरवसा. व्यापारी आले नाहीत. सरकार जागे झाले तोवर पावसाळा सुरू होऊन समुद्रमार्ग बंद पडला होता. सुमारे दहा लाख माणसे मेली.

बिहारमध्ये टेंपलने तांदूळ आणला तो ओरिसाची पुनरावृत्ती टाळण्यासाठी. पण त्यासाठी सुमारे ६५ लाख पौंड खर्च झाले, बराच तांदूळ उरला आणि तो तोट्यात विकावा लागला. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ने उधळपट्टीबद्दल झोडपले. माणसे वाचली म्हणजे संकट मुळात फारसे नव्हतेच, असा सोयीस्कर निष्कर्ष काढला गेला. दख्खनमध्ये आलेला टेंपल हा त्या टीकेने पोळलेला टेंपल होता. माझ्या मते त्याचे खरे पाप क्रौर्य नव्हे, भित्रेपणा आहे. बरोबर काय ते त्याने एकदा स्वतः करून दाखवले होते.

समाजमाध्यमांवर हा दुष्काळ सरसकट ‘कट’ म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. मुंबई इलाख्यात व्यापारी खरोखरच धान्य घेऊन आले. सोलापूरमार्गे रायचूरपर्यंत रेल्वे झालेली होती. स्मिथचे गणित तेवढ्यापुरते बरोबर ठरले. अडले ते पुढे. गावात धान्य होते, पण पीक बुडालेल्या कुणब्याच्या आणि काम नसलेल्या मजुराच्या हाती पैसा नव्हता. ज्याच्या गाठीला दमडी नाही त्याची भूक बाजाराला दिसत नाही. त्याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला गहू जातच होता.

मजुरी घटताच मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी दुष्काळी कामे सोडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप शांततेचा होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे सभेचे कर्ते पुरुष. सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली आणि एक पौंडाच्या मजुरीत कष्टकरी माणूस जगणार नाही असा अर्ज केला. मद्रासमध्ये डॉ. कॉर्निश या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यानेही हेच सांगितले. मद्रासने पुढे मजुरी वाढवली. मुंबईचे सरकार नमले नाही आणि १८७७च्या एप्रिलअखेर खुद्द टेंपलच मुंबईचा गव्हर्नर झाला!

‘सरकारने हस्तक्षेप करू नये’ हे तत्त्व तरी सर्वत्र सारखे लागू होते का? याच सरकारने रेल्वे कंपन्यांच्या इंग्रज भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. तोटा झाला तर भरपाई येथल्या करातून. भांडवलाच्या नफ्याला हमी चालत होती; जोंधळ्याच्या भावात मात्र हात घातला की अर्थशास्त्र बुडत होते.

केवळ ब्रिटिश मुलखात या दुष्काळाने ५० लाखांहून अधिक माणसे नेली, असा अंदाज पुढे सरकारच्याच दुष्काळ आयोगाने केला. १८८०च्या त्या आयोगाने व्यापारात ढवळाढवळ न करण्याचे तत्त्व सोडले नाही, पण उपाशी माणसाला काम किंवा मदत देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हे मान्य केले. त्यातून ‘फॅमिन कोड’ तयार झाले: काम केव्हा सुरू करावे, मजुरी कशी ठरवावी, सारा केव्हा तहकूब करावा, याचे लेखी नियम.

१८९६मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी टिळकांच्या नेतृत्वाखालील सार्वजनिक सभेची माणसे खेड्यापाड्यांत हिंडून शेतकऱ्यांना फॅमिन कोडमधील त्यांचे हक्क समजावून सांगू लागली. नियम सरकारचेच होते. तरीही सरकारने कार्यकर्त्यांवर खटले भरले आणि मार्च १८९७मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.