आम, आव आणि पिंपरीचे जंतू

‘ग्राम’चे गाव झाले, ‘नाम’चे नाव झाले, त्याच नियमाने संस्कृत ‘आम’ मराठीत ‘आव’ झाला. तत्सम ‘आम’ मात्र वैद्यांच्या ग्रंथांत टिकला व ‘आमवात’ या समासातून पुन्हा घरोघरी आला. एकाच शब्दाची ही दोन रूपे: एक पोटाचे दुखणे, दुसरे सांध्यांचे. त्यांचा दुवा सुमारे सातव्या-आठव्या शतकातील माधवनिदानात सापडतो. विरुद्ध आहार व मंदाग्नी यांमुळे उत्पन्न झालेला आम वायू सांध्यांपर्यंत नेतो, असे माधवकराचे प्रतिपादन आहे. हा आम म्हणजे आजचे सूक्ष्मजीवच, असा अर्थ लावण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. आम हे द्रव्य आहे. त्याला वंशवृद्धी नाही.

सूक्ष्मजीवांसाठी मराठीने ‘जंतू’ हा शब्द योजला. त्याचा सख्खा भाऊ ‘जंत’ आधीच पोटात होता! त्यामुळे पोटातील जीव म्हणजे वैरी, ही समजूत शब्दातूनच दृढ झाली असावी.

पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन निघू लागले. तेथेच डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीच्या दशकाच्या आरंभी हॅमायसीन शोधले. ते देणाऱ्या जंतूचे नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. लॅटिन प्रत्यय लागून आपल्या पिंपरीचे असे सोने झाले. हे औषध बुरशीवरचे. प्रतिजैविकांनी आतड्यांतील जंतू मेले की बुरशीला रान मोकळे मिळते. म्हणजे ते जंतू तेथे राखण करीत होते. ‘जंतुनाशक’ या शब्दाला ही गोष्ट ठाऊक नव्हती.

पुढे २००३ मध्ये ब्राक यांनी कंपवाताचा उगम आतड्यांत असावा, अशी उपपत्ती मांडली. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना नव्या, उपचार न झालेल्या आमवातसदृश संधिवाताच्या रुग्णांत प्रेव्होटेला कोप्री हा जंतू अधिक आढळला. तथापि, पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले की, निरोगी भारतीयांच्या आतड्यांतही प्रेव्होटेला ही प्रजाती विपुल असते. धान्य-डाळींच्या आहाराशी तिचा संबंध जोडला जातो. तेव्हा एकाच प्रजातीला तिकडे रोगाची सोबतीण आणि इकडे जेवणाची सोबतीण म्हणायचे, तर ‘जंतू’ या एका शब्दावर भागणार नाही. जाती, उपजाती आणि ताटातील अन्न यांची नावे वेगवेगळी घ्यावी लागतील.