खेळांचीं पुस्तकें आणि खेळांची स्मृति

राजांच्या लढाया, संतांचीं चरित्रें आणि देवळांचीं दानपत्रें यांस आमच्या इतिहासांत मानाचें स्थान मिळालें आहे. परंतु तीं माणसें रिकाम्या वेळीं कोणत्या पटावर बसत, कोणता डाव जिंकला म्हणजे हर्षित होत आणि कोणता हरला म्हणजे रुसत, याची विचारपूस करण्याची गरज इतिहासकारांस फारशी वाटलेली दिसत नाहीं. खेळ म्हणजे पोरखेळ, ही समजूत याच्या मुळाशीं आहे. खेळाचा एक विलक्षण स्वभाव असा कीं, तो हातांत जिवंत असतो तोंपर्यंत कोणी लिहून ठेवीत नाहीं; आणि लिहून ठेवावासा वाटूं लागतो त्या वेळीं सांगणारा उरलेला नसतो. यामुळें ज्या थोड्या ग्रंथकारांनीं आणि मासिककारांनीं खेळांवर लेखणी चालविली, त्यांचें ऋण मोठें आहे. त्या ऋणाची थोडी मोजदाद येथें करावयाची आहे.

प्रारंभ राजवाड्यापासून करूं. कल्याणीच्या चालुक्य कुळांतील तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. शंभर अध्यायांच्या ह्या ग्रंथाची शेवटची विंशति क्रीडांची आहे, व तींत चतुरंग आणि फांसे यांसही स्थान आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखालीं 1925 पासून तो छापून निघूं लागला. राजानें खेळ लिहिले ते राजानें खेळावयाचे खेळ. अंगणांतल्या पोराचा विटीदांडू त्यांत कोठून येणार? 

तो आला तुकोबांच्या गाथेंत. विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी, फुगडी, हुतुतू, हमामा, हुंबरी, लखोटा अशा खेळांच्या नांवांचे अभंग गाथेंत आहेत. तुकोबांस खेळाचे नियम सांगावयाचे नव्हते. त्यांस परमार्थ सांगावयाचा होता, आणि तो श्रोत्यांस तात्काळ कळावा म्हणून त्यांनीं त्यांच्या अंगणांतली वस्तु उचलली. श्रोत्यांस खेळ ठाऊक होता, म्हणूनच रूपक साधलें. आज स्थिति उलट झाली आहे. रूपकाचा अर्थ आम्हांस कळतो, परंतु हमामा किंवा लखोटा नेमका कसा खेळत, हें समजण्यास टीपेचा आधार घ्यावा लागतो. नांव उरलें आणि खेळ गेला, असा हा पहिला प्रकार.

दुसरा प्रकार याहून चमत्कारिक आहे. त्यांत आकृति उरते, परंतु अर्थ निघून जातो. ज्या सावित्रीच्या खोऱ्यांत सवचीं उन्हाळीं आहेत, त्याच महाड तालुक्यांत शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनीं येथें दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. ही घळ शोधून काढण्याचें श्रेय धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांचें. तो शोध 1930 सालचा. समर्थांच्या नांवाशीं आणखी एक रचना जोडली जाते, ती मोक्षपटाची. कोणी तें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देतात. परंतु आज उपलब्ध असलेले जुने पट अठराव्या शतकाच्या मागें जात नाहींत, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे अभिमान आणि पुरावा यांची गल्लत होत नाहीं. मोक्षपट हा घरांचा पट. सद्गुणाच्या घरीं शिडी, दुर्गुणाच्या घरीं साप आणि शेवटीं परमपद. कवड्या किंवा फांसे टाकून मनुष्य जन्ममरणाचा फेरा कसा चढतो-उतरतो हें त्यांत दाखविलें जाई. हातांतली सोंगटी म्हणजे खेळणाऱ्याचा जीव.

असा एक पट मेजर हेन्री डंडस रॉबर्टसन यानें 1831 सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस दिला. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत सापशिडीचे पट विकूं लागले. आरंभीं त्यांवरही काटकसर, पश्चात्ताप असे गुण लिहिलेले असत. मग हळूहळू तीं अक्षरें पुसलीं गेलीं आणि नुसते आंकडे उरले. तोच निरक्षर झालेला पट पुन्हा आमच्या मुलांच्या हातीं आला. येकब श्मिट-मॅडसन या डॅनिश अभ्यासकानें पश्चिम हिंदुस्थानांतील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या ह्या पटांवर कोपनहेगन विद्यापीठांत 2019 सालीं प्रबंध सादर केला. ज्या पटावर आमच्या आजींनीं एकादशीची रात्र जागविली असेल, त्याचा सविस्तर अभ्यास कोपनहेगनला व्हावा, यांत त्या अभ्यासकाचा गौरव आहे. आमचा किती आहे, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

तिसरा प्रकार सावंतवाडीस पाहावयास मिळतो. दशावतारी गंजिफांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचीं बारा पानें, मिळून 120. राजा आणि वजीर हे सर्वत्र मोठे; परंतु त्यांच्या खालीं अर्ध्या रंगांत दहा मोठा व उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. दिवसा खेळ असेल तर रामाच्या रंगापासून आरंभ, रात्रीं असेल तर कृष्णाच्या. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला मरतांमरतां वांचविली, आणि 2024 सालीं सावंतवाडीच्या गंजिफांस भौगोलिक मानांकन मिळालें. कला वांचली हें उत्तम झालें. तथापि तीं पानें विकत घेणारे बहुतेक लोक तीं भिंतीवर लावतात. डाव मांडणारे थोडे. येथें वस्तु उरली, खेळ गेला.

अशा वेळीं आठवण होते ती औरंगाबादच्या हरिकृष्ण या ज्योतिषाची. त्यानें 1871 च्या सुमारास ‘बृहज्ज्योतिषार्णव’ नांवाच्या आपल्या विशाल ग्रंथांत ‘क्रीडाकौशल्य’ हें प्रकरण घातलें, आणि बुद्धिबळ, गंजिफा वगैरे घरांत बसून खेळावयाच्या खेळांच्या रीति श्लोकबद्ध केल्या. त्यापूर्वीं 1814 सालीं मुंबईंत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत रचनेचें इंग्रजी रूप छापलें गेलें होतें; त्यांत पटावरील बिकट प्रसंग सोडविण्यास दिले होते. ह्या दोघांनीं जें केलें त्याचें मोल आतां कळतें. खेळ नाहींसा झाला तरी त्यांचें पुस्तक हातीं घेऊन तो पुन्हा मांडतां येतो.

मैदानी खेळांचें भाग्य अधिक थोर. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें 1914 सालीं खो-खोच्या नियमांस शिस्त लावण्याचें काम हातीं घेतलें. 1935 सालीं अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें नियमांची पुस्तिका काढली. आणि बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनीं 1936 ते 1949 या काळांत ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. गांवोगांव निराळ्या रीतीनें खेळला जाणारा खेळ छापील नियमांमुळें एक झाला. 2025 च्या जानेवारींत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली व दोन्ही अजिंक्यपदें भारतानें मिळविलीं, त्यांत त्या जुन्या पुस्तिकांचा वांटा आहे. मंगळागौरीच्या खेळांस मात्र असा कोशकार मिळण्यास फार वाट पाहावी लागली. कारण ते खेळणाऱ्या हातांत लेखणी नव्हती.

आतां कोणी म्हणेल, ही जुन्या खेळांची रड झाली. यंत्रावरचे नवे खेळ तर यंत्रांतच जपलेले असतात. वस्तुस्थिति याच्या अगदीं विरुद्ध आहे. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें 2023 सालीं पाहणी करून दाखविलें कीं, 2010 पूर्वीं त्या देशांत निघालेल्या अशा खेळांपैकीं 87 टक्के आज बाजारांत मिळत नाहींत. अवघ्या पन्नासएक वर्षांची कला ही! तिच्या इतिहासाचा मुख्य आधार कोणता, तर कागद. ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हें अमेरिकन आणि ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ हें ब्रिटिश मासिक, दोन्ही 1981 सालीं निघालीं. त्या काळच्या संगणक-मासिकांत अख्खा खेळ आज्ञावलीच्या रूपानें छापीत व वाचक तो घरीं ओळीनें टंकित करून मग खेळत. ‘रेट्रो गेमर’ हें मासिक 2004 पासून जुन्या खेळांच्या कर्त्यांस बोलतें करीत आलें आहे. निक माँटफर्ट व इयन बोगोस्ट यांनीं 2009 सालीं ‘रेसिंग द बीम’ हें पुस्तक लिहून, 1977 च्या अटारी यंत्राची स्मृति अवघी 128 बाइट असतां कारागिरांनीं पडद्यावरील चित्र एकेक रेघ करून कसें उभें केलें, तें उलगडून दाखविलें. वर सांगितलेल्या संस्थेनें 2025 सालीं अशा दीड हजारांवर मासिकांचा संग्रह सर्वांस खुला केला.

मराठी घरांत 1990 नंतर हीं खेळयंत्रें आलीं तीं बहुधा जपानी यंत्रांच्या नकला होऊन. त्यांच्याबरोबर नियमांचें पुस्तक क्वचितच असे. कोणत्या भिंतींत गुप्त वाट आहे, कोणती कळ दोनदां दाबावी, हें थोरल्या भावानें धाकट्यास आणि शेजारच्या मुलानें सर्व आळीस सांगावें. म्हणजे विटीदांडूच्याच वाटेनें तेंही ज्ञान तोंडोतोंडीं चालत गेलें, आणि त्याच वाटेनें तें लोपण्याचें भय आहे. यंत्र नवें, पण विस्मृति जुनीच.

सर्व विवेचनाचें तात्पर्य एवढेंच कीं, वस्तु जतन केली, नांव जतन केलें, चित्रही जतन केलें, तरी खेळ जतन होत नाहीं. तो जतन होतो त्याच्या नियमानें, आणि नियम टिकतो लिहिल्यानें. याकरितां राजाश्रय नको, विद्यापीठ नको. घरांत कवड्यांचा एखादा डाव जाणणारी आजी असेल, किंवा जुन्या खेळयंत्राच्या युक्त्या आठवणारा काका असेल, तर त्यांजपाशीं वही घेऊन बसावें. पट काढून घ्यावा, दान कसें मोजतात तें विचारावें, भांडण झाल्यास निवाडा कसा होई तेंही लिहावें. औरंगाबादच्या ज्योतिषानें याहून निराळें कांहीं केलें नाहीं.