आरोहण व पार्कूर व्यायामशाळा

छताखाली उभारलेल्या कृत्रिम भिंती, उड्यांचे ठोकळे, आडव्या नळ्या व जाड गाद्या यांच्या साहाय्याने चढणे, उडी मारणे, लोंबकळणे आणि तोल सांभाळणे यांचा सराव जेथे केला जातो, त्या जागेस आरोहण व पार्कूर व्यायामशाळा म्हणतात. आरोहण आणि पार्कूर हे मुळात दोन स्वतंत्र क्रीडाप्रकार आहेत. परंतु अंगात चैतन्य मावत नाही अशा मुलांसाठी ते अनेक ठिकाणी एकाच छताखाली उपलब्ध करून दिले जातात. चिंचेचे झाड, वाड्याचा कठडा, गवताची गंजी ही चढण्या-उतरण्याची जुनी साधने शहरातून जवळजवळ नाहीशी झाली आहेत. या व्यायामशाळा म्हणजे त्यांचा एक महागडा, पण बऱ्याच अंशी सुरक्षित पर्याय होय.

इतिहास

पार्कूर हा शब्द ‘मार्ग’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. या प्रकाराची वैचारिक बैठक फ्रेंच नौदल अधिकारी जॉर्ज एबेर (१८७५–१९५७) यांच्या ‘नैसर्गिक पद्धती’त आढळते. १९०२ साली मार्टिनिक बेटावरील माँ पले ज्वालामुखीच्या उद्रेकात सें-पिएर हे शहर नष्ट झाले. त्या वेळच्या बचावकार्यात एबेर सहभागी होते. शरीर बळकट असून भागत नाही, ते प्रसंगी दुसऱ्याच्या उपयोगी पडले पाहिजे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. चालणे, धावणे, उडी मारणे, हातापायांवर रांगणे, चढणे, तोल सांभाळणे, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण आणि पोहणे असे व्यायामाचे १० गट त्यांनी केले. अडथळ्यांच्या मार्गावरील सैनिकी प्रशिक्षणाचा उगमही याच परंपरेत सांगितला जातो.

असे प्रशिक्षण घेतलेले रेमाँ बेल पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात नामांकित झाले. त्यांचा मुलगा दाविद बेल (जन्म १९७३) आणि त्याचे मित्र यांनी पॅरिसजवळील लिस या उपनगरात पार्कूरला आजचे रूप दिले. त्या परिसरात ‘दाम द्यू लाक’ म्हणजे ‘सरोवराची देवी’ या नावाचे एक प्रचंड काँक्रीट शिल्प आहे. शिल्पकार पिएर सेकेली यांनी ते मुळात चढण्यासाठीच घडविले होते. त्यावर ही मुले वेड्यासारखी उड्या मारीत. आज एका व्यायामशाळेत शेजारी शेजारी दिसणारे हे दोन क्रीडाप्रकार जन्मापासूनच एकमेकांचे शेजारी होते, असे म्हणावयास त्यामुळे हरकत नाही.

चढण्याच्या कृत्रिम भिंतीचा इतिहास याहून जुना आहे. अमेरिकेतील सिॲटल येथे १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘शुर्मन रॉक’ हा मानवनिर्मित खडक उभारण्यात आला. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ साली एका बोळाच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवून सरावाची सोय केली. सिॲटलमध्येच १९८७ साली अमेरिकेतील पहिली व्यावसायिक आरोहण व्यायामशाळा सुरू झाली. क्रीडा-आरोहणाचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश टोकियो २०२० (प्रत्यक्षात २०२१) येथे झाला. ब्रिटनने २०१७ साली पार्कूरला अधिकृत खेळाचा दर्जा दिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कूरला आपल्या छत्राखाली घेण्यास सुरुवात केली; हा निर्णय अनेक पार्कूरपटूंना रुचला नाही.

रचना

दोर न वापरता बुटक्या भिंतीवर चढण्यास बोल्डरिंग म्हणतात. ही भिंत साधारण ४ ते साडेचार मीटर उंच असते आणि खाली जाड गादी अंथरलेली असते. भिंतीवर रंगीत पकडी (होल्ड) पेचाने घट्ट बसविलेल्या असतात. एका रंगाच्या पकडी म्हणजे सहसा एक मार्ग. उंच भिंतीवर कमरेला हार्नेस बांधून दोराच्या आधाराने चढावे लागते. दोर सांभाळण्याचे काम खाली उभा असलेला जोडीदार करतो, यास बिले देणे म्हणतात. काही ठिकाणी हे काम यंत्र करते. चढणारा वर जाईल तसतसा हे यंत्र ढिला पट्टा गुंडाळून घेते आणि त्याने हात सोडले की त्याला सावकाश खाली आणते. पहिल्यांदा चढणाऱ्या मुलास चढण्यापेक्षा वर पोचल्यावर हात सोडणेच अधिक अवघड जाते. म्हणून दोन-तीन फुटांवरूनच हात सोडून बसण्याचा सराव आधी करून घेतात.

पार्कूरच्या भागात निरनिराळ्या उंचीचे ठोकळे, कठडे, नळ्या आणि कधी फोमचा खड्डा असतो. प्रारंभी उडीपेक्षा उतरणे शिकवतात. चवड्यांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरावयाचे. उंची अधिक असेल तर खांद्यावरून तिरकी कोलांटी घेऊन वेग जिरवावयाचा. फोम मऊ असला तरी त्यात डोके खाली करून सूर मारणे मानेस घातक ठरू शकते.

मुले आणि धोका

नॉर्वेच्या संशोधक एलन सँडसेटर यांनी मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार सांगितले; उंची आणि वेग हे त्यांतील पहिले दोन. अशा खेळातून मूल भीतीशी टप्प्याटप्प्याने परिचित होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. धोका शून्यावर आणल्यास खेळातील शिक्षणही शून्यावर येते. मात्र मुलास दिसणारा व त्याने स्वतः पत्करलेला धोका वेगळा आणि न बांधलेला दोर वेगळा. पहिला शिकवतो, दुसरा केवळ घात करतो.

बोल्डरिंगमधील दुखापती प्रामुख्याने जमिनीवर आदळताना होतात. पडताना हात मागे टेकल्यास मनगट वा कोपर मोडण्याची शक्यता असते. म्हणून हात छातीशी घेऊन पाठीवर लोळण्यास शिकवतात. शक्य तेथे उडी न मारता चढल्या वाटेने उतरावे. चढणाऱ्याच्या खाली कोणी थांबू नये. हा नियम लहान भावंडे हमखास मोडतात. स्वयंचलित यंत्राचा पट्टा न अडकवताच चढू लागणे ही गंभीर अपघातांची ज्ञात कारणपरंपरा आहे. अनुभवी आरोहकांकडूनही ही चूक घडलेली आहे; त्यामुळे हार्नेसचे बक्कल, गाठ आणि कॅराबिनर प्रत्येक वेळी दुसऱ्या व्यक्तीने तपासावे. अगदी लहान मुलांची कंबर अरुंद असते, उलटे झाल्यास ती पट्ट्यातून निसटू शकतात. त्यांना खांद्यांवरूनही बांधला जाणारा पूर्ण शरीराचा हार्नेस देतात.

अंगठी, बांगड्या, गळ्यातील साखळी वा दोरा काढून ठेवणे आवश्यक असते. अंगठी पकडीत अडकल्यास बोट गंभीर जखमी होते. किशोरवयात बोटांच्या हाडांची वाढ चालू असते. त्या वयात सतत बोटांच्या टोकांवर भार घेतल्याने वाढीच्या कूर्चेला इजा होऊ शकते. मधल्या सांध्यातील दुखणे टिकून राहिल्यास चढणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

पालकांची भूमिका येथे बरीच नाजूक असते. भिंतीवर अर्ध्यात थिजलेल्या मुलास खालून ‘अजून थोडे!’ असे ओरडून सांगणे पालकांना प्रोत्साहन वाटते. मुलास ते अनेकदा नाकारता न येणारी आज्ञा वाटते. ‘मला उतरायचे आहे’ असे मूल म्हणताच त्याला उतरवून घेणे, ही चांगल्या प्रशिक्षकाची रीत होय. ज्याला उतरवून घेतले जाईल याची खात्री असते, ते मूल पुन्हा भिंतीकडे जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात चढण्याची परंपरा मल्लखांबाच्या रूपाने जुनी आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. दोरीच्या मल्लखांबात पायाच्या बोटांची पकड आणि उलटे असतानाचा दिशाबोध जो घडतो, तो आरोहणातही उपयोगी पडतो. सिंहगडावर घोरपडीच्या साहाय्याने दोर लावल्याची कथा मुलांना अशा भिंतीपाशी हटकून आठवते. इतिहासकार तिला दंतकथा मानतात.

सह्याद्रीतील सुळक्यांवर प्रस्तरारोहण करणाऱ्या संस्थांनी राज्यात कृत्रिम भिंतींवरील सरावालाही चालना दिली. मुंबईच्या गिरिविहार या संस्थेच्या पुढाकाराने बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत झाल्या.