शाहूपुरीची पेठ आणि भाऊसिंगजी रस्त्यावरचे एक चहाचे दुकान (धागा)

१८९१ साली मिरजेहून आगगाडी कोल्हापुरास आली. तोवर करवीर संस्थानातला गूळ बैलगाड्यांतून घाट उतरून कोकणातील बंदरांकडे जात असे. रेल्वेमुळे माल बाहेर धाडणे सोपे झाले. पण गावोगावच्या गुऱ्हाळांतून निघालेल्या ढेपी उतरवायच्या कुठे, सौदा करायचा कुठे? अंबाबाईच्या देवळाभोवती दाटलेले जुने शहर त्या कामाचे नव्हते.

शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला २ एप्रिल १८९४ रोजी. पुढच्याच वर्षी, विशीतल्या या राजाने रेल्वे स्थानकालगत शाहूपुरी ही नवी व्यापारपेठ वसवली. सरळ गल्ल्या आखल्या गेल्या. आजही तिथला पत्ता पहिली गल्ली, दुसरी गल्ली असाच सांगतात. आडते आणि दलाल आले, वखारी उभ्या राहिल्या आणि गुळाच्या व्यापारात कोल्हापूरचे नाव झाले. दिवाळी पाडव्याचे मुहूर्ताचे सौदे कोल्हापुरात अजूनही होतात. फक्त गुळाचा बाजार आता मार्केट यार्डात भरतो.

१९१७ साली याच लोहमार्गावर, शिरोळ भागात, महाराजांनी जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. तिथेही सरळ रस्ते, तिथेही क्रमांकाच्या गल्ल्या.

भूखंड दरबाराला देता येतात. गिऱ्हाईक मात्र हुकुमाने येत नाही, आणि ज्याच्या हातचे पाणी समाज पीत नाही त्याच्या दुकानात तर नाहीच. पेठा वसवणाऱ्या या राजाची खरी कसोटी, म्हणूनच, गुळाच्या वखारीपेक्षा एका लहानशा दुकानात लागली.

गंगाराम कांबळे हे दरबारच्या चाकरीतले. सवर्णांच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास भांडवल दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर, म्हणजे शहराच्या ऐन वर्दळीत, ‘सत्यसुधारक’ हॉटेल सुरू झाले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम. गिऱ्हाईक मात्र फिरकेना.

मग महाराजांची गाडी त्या दुकानासमोर थांबू लागली. महाराज तिथूनच मोठ्याने चहा मागवीत, स्वतः पीत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजीत. राजाने घेतलेला चहा नाकारायचा कसा, ही त्या मंडळींची अडचण. ती सोडवण्याची महाराजांना काही घाई नव्हती.