उसन्या शिरेचे अस्तर

बेसा हे नागपूरच्या दक्षिणेस शहराला येऊन मिळालेले गाव. तेथे काय किंवा अन्यत्र काय, हृदयावर बायपासची शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या गृहस्थाच्या पायावरील लांब व्रण आपण पाहिला असेल. पायातील शीर काढून ती हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीस वळणवाट म्हणून जोडतात, त्याची ती खूण होय.

ही युक्ती जुनी आहे. १९०६ साली माद्रिद येथे गोयानेस याने मनुष्याच्या रोहिणीच्या जागी शीर योजिली. १९६७ साली क्लीव्हलंड येथे फावालोरो याने ती हृदयाकडे नेली. परंतु काढलेली शीर निकोप आहे हे ओळखावे कसे? शल्यविशारद तीत पिचकारीने मिठाचे पाणी जोराने भरीत. कोठे गळत नाही, बरी फुगली, की शीर उत्तम ठरे! आता, रोहिणीतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटरांचा. हातातील पिचकारीचा जोर सहज ३०० च्या वर जाई. त्याखाली शिरेचे आतील अस्तर, जे अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते, ठिकठिकाणी गळून पडे. परीक्षेनेच परीक्षार्थी घायाळ व्हावा, असा हा प्रकार.

त्याची खंत फारशी कोणी केली नाही, कारण अस्तराचे मोल ठाऊकच नव्हते. १८६५ साली हिस याने त्यास स्वतंत्र नाव दिले, तरी पुढे शंभर वर्षे ते भिंतीवरील सफेदीसारखेच गणले गेले. १९८० साली फर्चगॉट व झवाद्स्की यांनी सशाच्या महारोहिणीवर दाखविले की, अस्तर शाबूत असता असिटिलकोलिनने वाहिनी सैल पडते. ते घासून काढले तर उलट आवळते. अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नामक वायू स्रवतो, तो वाहिनी सैल राखतो आणि रक्ताची गुठळी धरू देत नाही, हे त्यानंतर उलगडले. १९९८ साली फर्चगॉट नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी झाला.

तेव्हापासून शिरेची परीक्षा पालटली. शिरेची बारीक कडी कापून तीवर तेच औषध घालून पाहतात. निळा रंग लावला असता उघडा पडलेला भाग तो धरतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तर एकेक पेशी मोजता येते. मात्र तपासलेला तुकडा कामातून जातो. रोग्याच्या हृदयावर बसतो तो त्याचा शेजारी! म्हणून या परीक्षा एका शिरेचा नव्हे, तर शीर काढण्याच्या रीतीचा न्याय करितात.

स्वीडनमधील ओरेब्रो येथे सूझा याने १९९६ साली अशी रीत मांडली की, शीर भोवतालच्या चरबीसह उचलावी व मुळीच फुगवू नये. तिचे अस्तर अधिक शाबूत आढळले. पायावरील जखम मात्र मोठी होते व कित्येकदा भरून येण्यास वेळ घेते.