बाइंडमधला टीकी दोष

४. बाइंड : संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारे सर्व्हर सॉफ्टवेअर, देखभाल अमेरिकेतील इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमकडे. लेखकाला अभिप्रेत असलेला दोष (सीव्हीई-२०१५-५४७७) जुलै २०१५मध्ये जाहीर झाला. गुप्त किल्ली ठरवण्यासाठीच्या ‘टीकी’ विचारणेचे मुद्दाम वेडेवाकडे रचलेले एकच पॅकेट आले, की ‘अशी स्थिती येऊच शकत नाही’ हे गृहीतक मोडे आणि प्रोग्रॅम स्वतःहून बंद पडे. माहिती चोरीला जात नसे. मात्र त्या सर्व्हरवर विसंबलेल्यांना पत्ते मिळेनासे होत. विचारणारा कोण, याची तपासणी होण्याआधीच ही गडबड घडत असल्याने सेटिंग बदलून भागत नव्हते. ९.९.७-पी२ किंवा ९.१०.२-पी३ ही दुरुस्त आवृत्ती बसवणे, हाच उपाय होता. —संपा.